वार खाली असताना: विश्रांती किती आणि रुग्णालय किती दूर?

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या अहवालात 'लो लाइंग प्लॅसेंटा' असे शब्द आले की घरातील वातावरण पालटते. डॉक्टरांच्या बोलण्यातले 'वार खाली आहे' एवढेच लक्षात राहते. त्याच दिवसापासून गर्भवतीचा जिना बंद होतो, स्वयंपाकघर बंद होते आणि पलंगाच्या पायथ्याकडील खुरांखाली विटा सरकवल्या जातात. पुढील चार महिने तिने हलू नये, असा घराचा एकमुखी निर्णय होतो. हा निर्णय मायेपोटी घेतलेला असला तरी वैद्यकशास्त्राचा त्याला फारसा आधार नाही. वारेच्या विकारात आईचा आणि बाळाचा जीव वाचतो तो प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे: वेळेत मिळणारे रक्त आणि वेळेत मिळणारी शस्त्रक्रिया. यवतमाळसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात तर पलंगावर किती तास काढले यापेक्षा या दोन सोयी किती अंतरावर आहेत, हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

वार आणि तिची जागा

वार हा गर्भाशयाच्या आतील भिंतीला चिकटलेला, थाळीसारखा गोल आणि मांसल अवयव आहे. दिवस पूर्ण भरले की त्याचे वजन साधारणतः अर्धा किलो भरते. नाळेचे एक टोक बाळाच्या बेंबीशी आणि दुसरे वारेशी जोडलेले असते. बोलण्यात या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते. बाळाला प्राणवायू व पोषण पुरवणे, त्याच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये आईच्या रक्तात सोडणे आणि गर्भ टिकवणारी संप्रेरके तयार करणे ही वारेची कामे. गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. ही एक संख्या ध्यानात ठेवली, तर वारेतून रक्तस्राव सुरू होताच डॉक्टर इतकी घाई का करतात, हे सांगावे लागत नाही.

सामान्यतः वार गर्भाशयाच्या वरच्या भागात, पुढच्या किंवा मागच्या भिंतीवर रुजते. काही जणींत ती खालच्या भागात रुजते. तिची कड गर्भाशयमुखाच्या आतील तोंडापासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर 'लो लाइंग' असे म्हणतात. ती मुखावरच पसरली असेल तर त्या स्थितीला 'प्लॅसेंटा प्रीव्हिया' हे नाव आहे. जुन्या अहवालांत याचे चार प्रकार लिहिलेले आढळत. आता हे अंतर मिलिमीटरमध्ये नोंदवले जाते आणि ही पद्धत अधिक उपयोगी आहे, कारण नैसर्गिक प्रसूती होऊ शकेल की नाही याचा अंदाज त्या आकड्यावरूनच बांधता येतो. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत हे अंतर सर्वांत नेमके कळते. अशा तपासणीने रक्तस्राव होईल ही भीती सार्वत्रिक आहे, पण ती निराधार आहे. उपकरण गर्भाशयमुखाच्या आत शिरत नाही. बोटांनी केलेली आतील तपासणी मात्र प्रीव्हियात टाळलीच पाहिजे. मुखावर असलेल्या वारेला बोटाचा धक्का लागला तर क्षणात प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो.

दिलासा देणारी बाब अशी की, पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार दहापैकी जवळपास नऊ जणींत शेवटच्या तिमाहीपर्यंत मुखापासून दूर गेलेली आढळते. वार मुळे सोडून चालू लागते असे नव्हे. गर्भाशयाचा खालचा भाग शेवटच्या महिन्यांत ताणला जाऊन लांबतो आणि वारेची कड मुखापासून दूर जाते. शिवाय रक्तपुरवठा चांगला असेल त्या बाजूने वार वाढते व मुखाजवळची कड आक्रसते. म्हणूनच ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करावयाची असते आणि तेव्हाही वार खालीच असेल तर ३६ व्या आठवड्यात आणखी एकदा. दिवस भरेपर्यंत प्रीव्हिया कायम राहण्याचे प्रमाण साधारणतः दोनशे गर्भवतींमागे एक एवढेच आहे. म्हणजे पाचव्या महिन्यात घाबरून पलंगावर गेलेल्या दहांपैकी नऊ जणींची वार त्या पलंगाविनाही वर गेलीच असती. ती वर गेली की श्रेय पलंगाला मिळते आणि पुढे जावेला, नणंदेला, शेजारणीला तोच सल्ला खात्रीने दिला जातो.

ज्यांची वार खालीच राहते, त्यांना बहुधा सातव्या महिन्यानंतर रक्तस्राव होतो. तो ताजा, लालभडक असतो आणि पोटात दुखत नाही. पहिला स्राव पुष्कळदा थोडा असतो व आपोआप थांबतो. 'दुखत नाही, थांबलेही, मग उद्या बघू' असे म्हणण्याचा मोह याच वेळी होतो. पहिला स्राव हा पुढच्या मोठ्या स्रावाचा इशारा असू शकतो. तो केव्हा येईल हे कोणालाही सांगता येत नाही.

सिझेरियनच्या व्रणावर रुजलेली वार

प्रीव्हियाहून अधिक गंभीर असा एक विकार अलीकडच्या काळात वाढला आहे. वार गर्भाशयाच्या भिंतीत खोलवर रुतते आणि बाळाच्या जन्मानंतर सुटतच नाही. याला 'प्लॅसेंटा अॅक्रीटा' म्हणतात. तिचे मूळ बहुधा आधीच्या सिझेरियनच्या व्रणात असते. तीस हजारांहून अधिक सिझेरियन शस्त्रक्रियांचा मागोवा घेणारा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रीव्हिया असलेल्या ज्या स्त्रियांचे ते पहिलेच सिझेरियन होते, त्यांच्यापैकी ३ टक्के स्त्रियांत वार रुतलेली आढळली. दुसऱ्या सिझेरियनला हे प्रमाण ११ टक्के, तिसऱ्याला ४० टक्के आणि चौथ्याला ६१ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा २०.१ टक्के होता. गरज नसताना केलेल्या पहिल्या सिझेरियनची किंमत कधी कधी दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेला अशी चुकवावी लागते.

आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीची वार पुढच्या भिंतीवर आणि खाली असेल, तर ती व्रणावर आहे का, हे अनुभवी सोनोग्राफीतज्ज्ञाकडून तपासून घेणे अगत्याचे आहे. अॅक्रीटाची शंका असल्यास बाळंतपण तालुक्याच्या ठिकाणी करण्याचा विचारही करू नये. अशा शस्त्रक्रियेत गर्भाशय काढून टाकावे लागण्याची शक्यता असते, रक्ताच्या अनेक पिशव्या लागतात आणि मूत्राशयाला इजा होऊ शकते. ती ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, सर्व तयारीनिशी आणि मोठ्या रुग्णालयातच व्हावी.

वार वेळेआधी सुटणे

तिसरा विकार अगदी निराळ्या स्वभावाचा. वार योग्य जागी असते, पण बाळंतपणापूर्वीच भिंतीपासून सुटू लागते. साधारणतः शंभर गर्भवतींमागे एकीत हे घडते. पोटात सतत दुखते, पोट लाकडासारखे कडक होते, बाळाची हालचाल मंदावते. बाहेर दिसणारे रक्त थोडेच असू शकते, कारण रक्त वारेच्या मागे साचते. कपड्यावर डाग लहान आहे म्हणून धोका लहान, हा हिशेब येथे पार चुकतो. साचलेल्या रक्तामुळे रक्त गोठण्याची शक्तीच संपू लागते आणि मग शरीराच्या कोणत्याही भागातून स्राव होऊ शकतो.

वाढलेला रक्तदाब हे याचे प्रमुख कारण. पोटावर मार बसणे, दुचाकीवरून पडणे, पूर्वीच्या खेपेला वार सुटलेली असणे ही अन्य कारणे. धूम्रपानाचा संबंध वार सुटण्याशी आणि प्रीव्हियाशीही आहे. विदर्भात तंबाखूचा खप विडीपेक्षा खर्‍याच्या पुडीत अधिक, आणि तो पुरुषांपुरता मर्यादित नाही. न जळणाऱ्या तंबाखूचा संबंध कमी वजनाच्या व मृत जन्मलेल्या बाळांशी आढळला आहे. गर्भवतीला हे विचारताना डॉक्टरांनी संकोचू नये आणि तिनेही लपवू नये. मारहाणीबाबतही तेच. पोटावर बसलेली लाथ 'पडले' या शब्दाआड जाते, तेव्हा उपचारांचा मौल्यवान वेळ निसटतो.

पलंगाचा इतिहास

आजारी माणसाने पडून राहावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत फार बोकाळली. क्षयापासून मनोविकारांपर्यंत सर्वांवर विश्रांतीचा उतारा सांगितला जाई. तिला पहिला ठळक विरोध १९४७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी केला. अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा त्यांचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला होता. आपल्याकडची बाजेवरची विश्रांती मुळात बाळंतपणानंतरची. सवा महिन्याच्या त्या रीतीत आईला कामातून मोकळीक मिळे. बाळंतपणाआधी महिनोन्महिने पडून राहण्याचा सल्ला मात्र आधुनिक दवाखान्यातूनच घरात आला.

प्रीव्हियाच्या बाबतीत याचा उगम शोधता येतो. १९४५ साली बेलफास्टचे प्रसूतितज्ज्ञ सी. एच. जी. मॅकफी यांनी प्रीव्हियाच्या १७४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर रक्तस्राव दिसताच प्रसूती उरकण्याची रीत होती आणि अपुऱ्या दिवसांची बाळे दगावत. मॅकफी यांचे म्हणणे असे होते की, पहिला स्राव सहसा जीवघेणा नसतो. आईची प्रकृती स्थिर असेल तर थांबावे, बाळाला वाढू द्यावे. पण हे थांबणे रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच असावे. या धोरणाने हजारो बाळांचे प्राण वाचवले. पुढे घरोघरी पोहोचताना मात्र त्या उपदेशातील रुग्णालय गळून गेले आणि 'पडून राहा' एवढेच उरले.

पडून राहिल्याने अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण टळते का, याची पाहणी त्यानंतर झाली आहे. उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेला असा फायदा दाखवणारा पुरावा सापडला नाही. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेही सरसकट पडून राहण्याचा सल्ला देऊ नये, अशी भूमिका घेतली आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत, रक्तस्राव थांबून स्थिरावलेल्या प्रीव्हियाच्या ५३ स्त्रियांपैकी काहींना रुग्णालयात आणि काहींना घरी ठेवले गेले. दोन्ही गटांतील परिणामांत लक्षणीय अंतर आढळले नाही.

पडून राहण्याचे तोटे मात्र ठाऊक आहेत. पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात आणि अशी गाठ फुप्फुसात पोहोचली तर ती प्राणघातक ठरू शकते. स्नायू झडतात, हाडे ठिसूळ होतात, बद्धकोष्ठ जडते, झोप बिघडते, मन खचते. गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते, हे ध्यानात घेतले तर विटांवर चढवलेल्या पलंगाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

याचा अर्थ प्रीव्हिया असलेल्या स्त्रीने डोक्यावर हंडा घेऊन चालावे असा नव्हे. जड ओझे, शेतातील वाकून करायची कामे, लांबचा प्रवास आणि शरीरसंबंध टाळावेत, असे डॉक्टर सांगतात आणि ते रास्त आहे. घरात हिंडणे, स्वतःची आंघोळ, बसून भाजी निवडणे यांनी वार सुटत नाही.

यवतमाळचे अंतर

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३ हजार ५८२ चौरस किलोमीटर आहे. सोळा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार लोकसंख्या. यवतमाळ शहरात १९८९ मध्ये सुरू झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जिल्ह्यातील गुंतागुंतीच्या बाळंतपणांचे मुख्य सरकारी ठिकाण. पुसद, दारव्हा व पांढरकवडा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. शहर जिल्ह्याच्या उत्तरेकडे वसले असल्याने दक्षिणेकडील व पूर्वेकडील टोकांना ते दूर पडते. उमरखेडकरांना नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ, वणीकरांना चंद्रपूरचे. झरी जामणीच्या सीमेवरील गावांना तेलंगणातील आदिलाबाद जवळ वाटते. संकटाच्या रात्री कोणत्या दिशेने गाडी वळवायची, हे आधीच ठरलेले असावे. जिल्ह्याची सीमा रक्तस्रावाला ठाऊक नसते.

प्रीव्हिया असलेल्या स्त्रीला घरी ठेवायचे तर काही अटी मार्गदर्शक सूचनांत सांगितल्या जातात. घर रुग्णालयाजवळ असावे, वाहन हाताशी असावे, सोबतीला सतत कोणी असावे, संपर्काचे साधन चालू असावे. घाटंजी वा मारेगाव तालुक्यातील आडवळणाच्या पोडावर यांपैकी किती अटी पूर्ण होतात? जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला, तेव्हा तेथील लोकांना सोडवण्यासाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर मागवावे लागले होते. पैनगंगेच्या आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठच्या गावांत पावसाळ्यात दिवस भरत असतील, तर गर्भवतीने ३४ व्या आठवड्याच्या आधीच शहरातील नातेवाइकाकडे किंवा रुग्णालयाच्या आसपास मुक्कामाला येणे, हा खरा उपचार आहे. आदिवासी भागांतील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा मुक्कामासाठी 'माहेरघर' योजनेखाली खोली असते. पण प्रीव्हियासाठी ती अपुरी, कारण तेथे शस्त्रक्रिया होत नाही.

रुग्णालय निवडताना तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतो? रक्त आवारातच मिळते की दुसरीकडून आणावे लागते? अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी नवजात कक्ष आहे का? इमारतीचा दिमाख आणि खोलीचे भाडे यांपेक्षा या तीन उत्तरांचे मोल जास्त आहे.

माहेरचा प्रवास

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत शहरी घरांतही टिकून आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी यवतमाळची लेक सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपून माहेरी निघते. पुण्याहून रात्रभर धावणारी खासगी बस, नाही तर रेल्वेने धामणगाव किंवा बडनेरा आणि तेथून पुढे रस्ता. वार खाली असताना हा प्रवास दोन कारणांनी धोक्याचा. वाटेत स्राव झाला तर सर्वांत जवळचे सुसज्ज रुग्णालय कोणते, हे कोणालाच ठाऊक नसते. आणि पोहोचल्यावर नव्या डॉक्टरांच्या हाती पहिल्या सोनोग्राफीचा अहवाल नसतो. अशा वेळी आईनेच लेकीकडे यावे. रीत माहेरच्या मायेसाठी आहे, माहेरच्या पत्त्यासाठी नाही. ३२ व्या आठवड्यातील सोनोग्राफीत वार वर गेल्याचे दिसले, तर डॉक्टरांच्या संमतीने प्रवासाचा बेत पुन्हा आखता येतो. जायचेच झाले तर सर्व अहवाल, रक्तगट आणि औषधांची यादी सोबत असावी.

रक्त आधीच कमी असेल तर

देशातील १५ ते ४९ वयोगटातील गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. निरोगी स्त्री जेवढा स्राव सोसते, तेवढा हिमोग्लोबिन सात असलेली स्त्री सोसू शकत नाही. वार खाली असल्याचे कळल्यापासून बाळंतपणापर्यंत हाती असलेले महिने रक्त वाढवण्यासाठी वापरले, तर ते झोपून काढण्यापेक्षा कितीतरी सार्थकी लागतात. लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, त्या घेताना सोबत चहा घेऊ नये. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ थोडा असेल तर शिरेतून लोह देता येते. स्त्रीचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळ पॉझिटिव्ह असण्याची शक्यता असेल, तर स्रावानंतर 'अँटी-डी'चे इंजेक्शन वेळेत घ्यावे लागते. तिच्या गटाचे दोन-तीन रक्तदाते आधीच सांगून ठेवलेले बरे.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे तो सिकलसेलचा. गोंड, परधान, कोलाम या आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. सिकलसेलच्या रुग्ण स्त्रीत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका अधिक असतो. तिला महिनोन्महिने पडून राहायला सांगणे म्हणजे धोक्यात भर घालणे. तिला लोह किती द्यायचे आणि रक्त केव्हा चढवायचे, हेही वेगळ्या हिशेबाने ठरते. तपासणी झाली नसेल तर ती पहिल्या तिमाहीतच करून घ्यावी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत जोखमीच्या गर्भवतींची वेगळी नोंद केली जाते. अशा स्त्रीचे नाव त्या नोंदीत असावे.

घरातील दिवस

कामावर बंधने आली की दिवस लांबतात. डॉक्टरांनी खरोखरच हालचाल कमी करण्यास सांगितले असेल, तर 'काय करू नको' याबरोबर 'काय करता येईल' हेही लिहून घ्यावे. शौचालयापर्यंत चालायचे की नाही? मांडी घालून बसायचे का? घरून काम करता येईल का? अशा साध्या प्रश्नांची उत्तरे नसली की घर सर्वांत कडक अर्थ लावते. पडल्या पडल्या दर तासाला पावले वर-खाली हलवणे आणि पोटऱ्या ताणणे, एका कुशीवर झोपणे, पाणी भरपूर पिणे या गोष्टी गाठी टाळण्यास उपयोगी पडतात. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून ज्वारीची भाकरी, पालेभाजी, फळे आहारात हवीत.

मनावरचा ताण अधिक अवघड. 'तूच काहीतरी उचललेस' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. वार कोठे रुजायची हे गर्भारपणाच्या पहिल्याच आठवड्यांत ठरते. बादली उचलल्याने ती खाली येत नाही. हे सासू, पती आणि स्वतः गर्भवती या तिघांनाही डॉक्टरांनी एकत्र बसवून सांगावे. झोप उडाली, रडू आवरेनासे झाले, तर १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.

पैशाची बाजू दुर्लक्षित राहते. कापूस वेचणीच्या हंगामात पडून राहिलेल्या मजूर स्त्रीची मजुरी बुडते, शिवाय तिच्या देखभालीसाठी घरी थांबलेल्या दुसऱ्या स्त्रीचीही. अनुसूचित क्षेत्रातील अंगणवाड्यांत २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गर्भवतींना एक वेळचे चौरस जेवण मिळते, पण ते अंगणवाडीत जाऊन घ्यायचे असते. जिला बाहेर पडू नको असे सांगितले आहे, तिच्यासाठी काय सोय करता येईल हे आशा किंवा अंगणवाडी सेविकेला वेळीच विचारावे. संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी याखेरीज एक महिन्यापर्यंतची पगारी रजा देण्याची तरतूद कायद्यात आहे. फारच थोड्या जणी ती मागतात. सरकारी रुग्णालयांत २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण विनामूल्य आहे.

केव्हा निघायचे

लाल रक्त दिसले, मग ते थोडे असो वा थांबलेले असो, त्याच वेळी निघावे. पोट कडक होऊन दुखू लागले, बाळाची हालचाल कमी झाली, चक्कर वा घाम आला, पाणमोट फुटली, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तरीही. १०८ किंवा १०२ या क्रमांकावर दूरध्वनी करताना 'वार खाली आहे, रक्त जात आहे' हे शब्द वापरावेत, म्हणजे गाडी कोठे न्यायची हे ठरवणे सोपे जाते. आधी गावातील दवाखान्यात 'दाखवून' मग पुढे जाण्यात वेळ दवडू नये. पायाखालच्या पिंडरीत एकाच बाजूला सूज व वेदना आली किंवा अचानक धाप लागली, तर ती रक्ताच्या गाठीची खूण असू शकते.

बाळंतपण अपुऱ्या दिवसांत होण्याचा संभव दिसला तर बाळाची फुप्फुसे पक्व होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने, बारा-बारा तासांनी. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया व नायजेरिया या पाच देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत या इंजेक्शनांनी नवजातांचे मृत्यू घटल्याचे दिसले. मात्र ही चाचणी रुग्णालयांतील होती, जेथे अशा बाळाची काळजी घेण्याची सोय होती.

कोणतीही गुंतागुंत नसलेल्या प्रीव्हियात सिझेरियन साधारणतः ३६ ते ३७ व्या आठवड्यांत ठरवतात. वारेची कड मुखापासून एक ते दोन सेंटिमीटरवर असेल आणि स्राव नसेल, तर नैसर्गिक प्रसूतीचाही विचार होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून निघताना तिचा लेखी अहवाल मागून घ्यावा. वार कोठे होती, ती सहज सुटली की ओढून काढावी लागली, गर्भाशयाला छेद आडवा घेतला की उभा, रक्ताच्या किती पिशव्या लागल्या, हे त्यात नमूद असते. पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीतच गर्भ जुन्या व्रणावर रुजला आहे का, हे पाहून घ्यावे लागते आणि तेव्हा डॉक्टर प्रथम मागतात तो हाच अहवाल.